युक्रेनमधल्या बालवाडीला वीज द्यायची, तर जनरेटर, बॅटरी की सोलर?

युक्रेनमधल्या एखाद्या बालवाडीसाठी युरोपातल्या मराठी मंडळात किंवा तिथे मेडिकलला शिकून आलेल्यांच्या ग्रुपवर पैसे जमले, की पहिले नाव निघते जनरेटरचे. 10 ऑक्टोबर 2022 पासून रशियाने वीजकेंद्रे आणि सबस्टेशनांवर क्षेपणास्त्रांचा मारा सुरू केला, त्या हिवाळ्यात ते योग्यच होते. युनिसेफने आणि युरोपीय संघानेही जनरेटर पाठवले. पण नंतर परिस्थिती पालटली. 2024 च्या मार्चमध्ये झापोरिझ्झ्याच्या धरणावरचे नीपर जलविद्युत केंद्र मोडले, 11 एप्रिलला कीवजवळचे त्रिपिल्ल्या औष्णिक केंद्र जळून गेले, आणि देशाकडे मुळात वीजच कमी पडू लागली. आपल्याकडच्या भारनियमनासारखे गट पाडले गेले आणि कोणत्या गटाची वीज किती ते किती जाणार याचे वेळापत्रक लागू लागले. म्हणजे आता द्यायचे यंत्र रोज वापरले जाणार आहे, वर्षानुवर्षे.

माझे मत आधीच सांगते. बहुतेक बालवाड्यांना पहिल्यांदा लिथियम बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर (बाहेरची वीज, बॅटरी आणि सोलर पॅनेल हे सगळे जोडता येणारा) द्यावा. जनरेटर त्यानंतर, आणि तिथले स्वयंपाकघर विजेवर चालत असेल तरच.

आधी वीज कशाला लागते ते पाहू

तिथली बालवाडी म्हणजे सकाळची तीन तासांची शाळा नव्हे. आईवडील कामावर असताना मुले दिवसभर तिथेच असतात, तिथेच जेवतात आणि दुपारी खाटांवर झोपतात. युद्ध सुरू झाल्यापासून आसऱ्याचे तळघर असेल तरच बालवाडी प्रत्यक्ष भरते, आणि तळघरात मावतील तेवढ्याच मुलांना एका वेळी बोलावता येते. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की सगळी मुले खाली जातात. 22 ऑक्टोबर 2025 ला खारकीवमधल्या एका बालवाडीवर ड्रोन आदळले, तेव्हा 48 मुले तळघरात होती म्हणून वाचली.

म्हणून हिशेब तळघरापासून सुरू करा. वीसेक एलईडी दिव्यांना 200 वॅट, हवा खेळती ठेवणाऱ्या पंख्याला 400, राउटरला 20, खोल्या उबदार ठेवणाऱ्या नळांतून गरम पाणी फिरवणाऱ्या पंपाला 100, फ्रिजला सरासरी 60. सगळे मिळून 800 वॅटच्या आसपास. सहा तासांना 5 युनिट. एवढ्यात मुले उजेडात, मोकळ्या हवेत राहतात आणि हल्ल्याची सूचना मोबाइलवर येत राहते.

स्वयंपाकघर ही वेगळीच बाब आहे. चार तव्यांची विजेची मोठी शेगडी पूर्ण चालली तर 12 किलोवॅट घेते. सहा खोल्यांत दोन-दोन किलोवॅटचे हीटर लावले तरी तेवढेच होतात, आणि 10 युनिटची बॅटरी तासाभराच्या आत संपते. बॅटरी देऊन खोल्या गरम होतील अशी आशा कुणाला लावू नका.

दिवे जातात तो क्षण

जनरेटर आणि बॅटरी यांच्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक इथे आहे. भोंगा आणि वीज जाणे अनेकदा एकाच वेळी घडते. तीन वर्षांची मुले जिना उतरत असतात. इन्व्हर्टर 20 मिलिसेकंदांच्या आत भार उचलतो, दिवा लुकलुकलेलाही फारसा जाणवत नाही. आपोआप सुरू होणारा जनरेटर 10 ते 30 सेकंद घेतो. दोरी ओढून सुरू करायचा असेल, तर मुलांना सोडून एका मोठ्या माणसाला भोंगा वाजत असताना अंगणात जावे लागते. हे बालवाडीच्या बाईंना करायला लावू नये असे मला मनापासून वाटते.

आपल्या घरातली बॅटरी तिथे का चालत नाही

इन्व्हर्टर म्हटले की आपल्याला पाणी घालायची ट्यूब्युलर बॅटरी आठवते. ती स्वस्त असते, म्हणून हा प्रश्न हमखास येतो. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 1.8 युनिट मावतात, आणि ती टिकवायची तर निम्मेच वापरायचे. म्हणजे 5 युनिटांना अशा सहा लागतात. खरी अडचण चार्जिंगची आहे. तिला भरायला आठ-दहा तास लागतात, आणि तिथे वीज कधी तीन-चार तासच येऊन पुन्हा जाते. सतत अर्धवट भरलेली अशी बॅटरी लवकर दम सोडते.

लिथियम आयर्न फॉस्फेटची 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची एक पेटी 5 युनिटांची असते आणि 50 अँपिअरने दोन तासांत भरते. तीन हजारांहून अधिक वेळा ती भरता-रिकामी करता येते. इन्व्हर्टरमधली घट धरता हाती चार-साडेचार युनिटच येतात, म्हणून दोन पेट्या घ्या. पथ्य एकच: शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते, आणि तिथल्या जानेवारीत उघड्या शेडमध्ये पारा सहज शून्याखाली असतो. पेट्या कोरड्या, उबदार खोलीत हव्यात, पण मुलांच्या तळघरात नकोत. आग लागली तर तिथून पळायला दुसरी जागा नसते.

जनरेटर घेतलाच तर

स्वयंपाकघर विजेचे असेल आणि वेळापत्रक पाहून सकाळीच स्वयंपाक उरकणे जमत नसेल, तर जनरेटरला पर्याय नाही. 20 किलोवॅटचा, तीन फेजचा डिझेल संच घ्यावा. 10 किलोवॅट भारावर तो तासाला सव्वातीन-साडेतीन लिटर डिझेल पितो. रोज चार तास, आठवड्याचे पाच दिवस धरले तर आठवड्याला 65 ते 70 लिटर. हा खर्च कोण करणार, हे पालिकेकडून लेखी घ्या. डिझेल तिथे हिवाळ्याचे वेगळे मिळते. उन्हाळ्याचे थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवते. आणि मोठा संच नुसत्या दिव्यांसाठी चालवला तर अपुऱ्या भारामुळे इंजिनात काजळी साचून तो खराब होतो. तळघराचे 800 वॅट त्याच्या गळ्यात घालायचे नाहीत, ते काम बॅटरीचे.

धुराबद्दल मात्र जराही तडजोड नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि लहान मुले मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेत असल्याने त्यांना तो आधी बाधतो. जनरेटर तळघरात, व्हरांड्यात किंवा खिडकीखाली ठेवायचाच नाही. तळघराचा पंखा बाहेरची हवा जिथून ओढतो, त्या तोंडापासून तो लांब हवा. हे तोंड अनेकदा जमिनीलगत, गवतात दडलेले असते, म्हणून जागा ठरवण्याआधी त्याचा फोटो मागवा.

उचलून नेता येणारे संच

इकोफ्लो या ब्रँडसारखे, बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच डब्यात असलेले संच तिथे घरोघरी दिसतात. एक युनिटचा डबा 12 किलोच्या आसपास भरतो, वायरमन लागत नाही, तासा-दीड तासात चार्ज होतो. प्रति युनिट तो पेट्यांपेक्षा महाग पडतो. तरीही बालवाडी युद्धाच्या आघाडीजवळ असेल आणि कधीही गाव सोडावे लागेल अशी स्थिती असेल, तर मी हाच निवडेन. भिंतीवर बसवलेला संच मागे राहतो, डबा मुलांबरोबर जातो.

सोलर

पहिली देणगी म्हणून नको. कीव 50 अक्षांशावर आहे, डिसेंबरात दिवस आठ तासांचा असतो आणि उत्पादन जूनच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास उतरते. शिवाय आपल्या छतांवर असतो तसा साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद होतो. हायब्रिड इन्व्हर्टर आधी बसवला असेल, तर त्याच यंत्राला पुढच्या वर्षी पॅनेल जोडता येतात.

पैसे पाठवण्याआधी

मुख्याध्यापिकेला विचारा: शेगडी गॅसची की विजेची? मीटर एक फेजचा की तीन? इमारतीला किती किलोवॅट मंजूर आहेत? दोन पेट्या एकदम भरताना पाच किलोवॅट लागतात, आणि वीज आल्याबरोबर फ्रिज आणि शेगड्याही चालू झाल्या तर मेन स्विच पडतो. तसे असेल तर इन्व्हर्टरमध्ये चार्जिंगची मर्यादा कमी लावून घ्या. तिथे आपल्यासारखेच 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ आहेत, त्यामुळे पोलंड किंवा जर्मनीत घेतलेले सामान चालते. तळघराचे दिवे, पंखा आणि राउटर यांची वायरिंग वेगळी काढून घेण्याचे पैसे त्याच रकमेत धरा. जनरेटर देत असाल तर तळघरात आणि झोपायच्या प्रत्येक खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही त्याच खोक्यातून पाठवा.