नोडची डॉकर इमेज: जिनिंगच्या काट्यासाठी कोणती घ्यावी?

वणी-पांढरकवड्याकडच्या जिनिंगवर काट्याच्या पावत्या काढणारं नोडचं (नोड डॉट जेएस, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवरचं) अ‍ॅप कंटेनरमध्ये, म्हणजे लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या डब्यात, बसवायचं असेल, तर डॉकर हबवरच्या अधिकृत इमेजपैकी (कंटेनरच्या तयार साच्यांपैकी) फुल किंवा अल्पाइन नको, स्लिम घ्या. पाचपैकी चार गुण.

फुल इमेज उलगडल्यावर एक जीबीच्या वर जाते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती उतरवणं म्हणजे शिक्षाच. अल्पाइन सगळ्यात हलकी, पण तिच्यात जीलिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीच्या जागी मसल ही हलकी लायब्ररी आहे. एखाद्या नेटिव्ह मोड्यूलची (सी, सी++ मधल्या भागाची) मसलसाठी तयार बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेली फाइल, नसली की एनपीएम (नोडची पॅकेजेस बसवणारं साधन) ते तिथंच कंपाइल करायला घेतं आणि पायथन, मेक नाही म्हणून बिल्ड अडतो. कंपायलर स्लिममध्येही नाही, पण जीलिबसीच्या बायनरी बहुतेकांच्या तयार मिळतात.

डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या पायऱ्यांच्या फाइलमध्ये) आधी फक्त पॅकेज आणि पॅकेज-लॉक या दोन जेसन फाइल कॉपी करा, मग ‘एनपीएम सीआय’ ओमिट-डेव्ह लावून (फक्त चालवायला लागणारी पॅकेजेस घेऊन) चालवा, सोर्स शेवटी. क्रम उलटा झाला तर पावतीतलं एक अक्षर बदललं तरी सगळी पॅकेजेस पुन्हा उतरतात. नोड-मोड्यूल्स हे पॅकेजेसचं फोल्डर डॉकरइग्नोअरमध्ये (इमेजमध्ये न घ्यायच्या फाइलींच्या यादीत) टाका. विंडोजवरचं आत गेलं तर नेटिव्ह मोड्यूल ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’ म्हणून आपटतं.

एक गुण कापला तो दोन गोष्टींसाठी. इमेजमध्ये ‘नोड’ नावाचा युजर तयार असूनही कंटेनर मुळात रूटनंच (सगळे अधिकार असलेल्या युजरनंच) चालतो. युजरची ओळ आपणच लिहायची. आणि घड्याळ यूटीसीचं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागचं. पहाटे 4 वाजता मोजलेल्या गाडीच्या पावतीवर आदल्या तारखेचे रात्रीचे 10:30 छापले जातात, आणि भाव रोज बदलत असताना त्यावरून काट्यावर भांडण होणारच. टीझेड (टाइमझोन) व्हेरिएबलमध्ये एशिया/कोलकाता दिलं की काम भागतं.

सुरू करायची कमांड थेट ‘नोड सर्व्हर डॉट जेएस’ अशी, अ‍ॅरे पद्धतीनं द्या. म्हणजे थांबायचा सिग्नल, सिगटर्म, थेट नोडलाच मिळतो. पण पीआयडी 1 वरचा (कंटेनरमधली पहिली प्रोसेस असलेला) नोड, त्या सिग्नलचा हँडलर लिहिला नसेल तर, तो सिग्नल मनावरच घेत नाही. डॉकर 10 सेकंद थांबून त्याला मारून टाकतो, अर्धवट नोंद गेली. लाइन जाऊन आल्यावर अ‍ॅप आपोआप उठावं म्हणून रीस्टार्ट पॉलिसी ‘अनलेस-स्टॉप्ड’ ठेवा. डेटाबेसची फाइल मात्र व्हॉल्यूमवरच (कंटेनरबाहेरच्या साठवणीतच), नाहीतर कंटेनर काढला की हंगामाचा हिशोब साफ.

नेट अगदीच रडत असेल तर तालुक्याच्या गावी बिल्ड करून ‘डॉकर सेव्ह’नं इमेज पेनड्राइव्हवर न्या आणि जिनिंगवर ‘डॉकर लोड’ करा. बिल्डचं मशीन एआरएम प्रोसेसरचं आणि काट्यावरचं इंटेलचं असेल तर प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी64 सांगूनच बिल्ड करा. नाहीतर तिथं ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येईल.