जीसीसीचे अलाइनमेंट फ्लॅग: तीन मशीनवर वापरून पाहिले

जीसीसीसारख्या फुकट मिळणाऱ्या कंपायलरच्या चार फ्लॅगांचा, म्हणजे कोडचे तुकडे मेमरीत कुठल्या पत्त्यावर सुरू करायचे ते सांगणाऱ्या पर्यायांचा, रिव्ह्यू कोण लिहितं? पण गणपतीच्या आधीचे दोन शनिवार-रविवार ह्यांच्यात गेले, तेव्हा लिहायचा हक्क मी कमावलाय. पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते पुढे येईलच.

दादरच्या एका ग्रंथालयासाठी जुन्या सूचीत शोध घेणारा छोटा प्रोग्रॅम मी सांभाळते. सगळा सी मध्ये. त्यातला एक लूप दिवसभर राबतो: यूटीएफ-८ मधला मजकूर बाइट-बाइट चाळून अक्षरं मोजणारा. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे नुसतं 'ज्ञ' लिहिलं तरी ९ बाइट. जुलैत माझ्या हाताखालच्या मुलाने भलत्याच फंक्शनमध्ये एक एरर मेसेज वाढवला आणि मोजणी मंदावली. लूपला त्याने हातसुद्धा लावला नव्हता. "मॅडम, मशीन तापलं असेल." पंख्याखाली ठेवून पाहिलं. तेही नाही.

मग ऑब्जडंप, म्हणजे तयार प्रोग्रॅममधल्या इन्स्ट्रक्शनची पत्त्यांसकट यादी, काढून दोन्ही बिल्ड शेजारी-शेजारी लावल्या. लूप २८ बाइटचा, आतल्या इन्स्ट्रक्शन अगदी त्याच. फरक फक्त पत्त्यात. आधी लूप हेक्समधल्या, म्हणजे १६ च्या पायावरच्या, ४० वर (आपले ६४) सुरू व्हायचा, आता ५० वर (आपले ८०). दोन्ही १६ च्या पटीत, म्हणजे लूप १६ च्या पटीत सुरू करायचा हा शब्द जीसीसीने पाळलेला. पण लूपमधली २ बाइटची कंडिशनल जंप (अट जुळली तर दुसरीकडे उडी मारणारी इन्स्ट्रक्शन) आता ५एफ वर येऊन बसली होती: एक बाइट ५एफ वर, दुसरा ६० वर. आणि ६०, म्हणजे आपले ९६, ही ३२ बाइटची हद्द. माझा लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला सेकंडहँड, इंटेलच्या स्कायलेक पिढीचा. त्या पिढीतला जंपचा एक दोष इंटेलने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केला. त्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला दुरुस्तीचा प्रोग्रॅम) घातला की ३२ बाइटची हद्द ओलांडणारी किंवा हद्दीला टेकून संपणारी जंप डीकोड केलेल्या इन्स्ट्रक्शनच्या कॅशमध्ये ठेवली जात नाही. मग दर फेरीला तेच डीकोडिंग नव्याने.

बोरिवलीला रोज गाडी पकडणाऱ्या बाईला हे वेगळं समजावावं लागत नाही. लेडीज डब्याचं दार कुठल्या फरशीसमोर येतं ते आम्हाला पाठ असतं. पण इंडिकेटरवर १२ च्या जागी १५ दिसले की अख्खा घोळका पर्सा सावरत पळतो. लूपने कुठल्या फरशीवर उभं राहायचं ते हे फ्लॅग सांगतात, आणि प्रत्येक प्रोसेसरची गाडी वेगळी.

फंक्शन, लूप, जंप आणि लेबल असे चार फ्लॅग. ओ-२ (वेगासाठी) दिलं की चालू, ओ-एस (आकार कमी ठेवण्यासाठी) दिलं की बंद. असेंब्ली (मशीनच्या इन्स्ट्रक्शनचं वाचता येणारं रूप) काढून पाहिली तर लूपच्या डोक्यावर 'पी-टू-अलाइन ४,,१०' आणि खाली 'पी-टू-अलाइन ३' दिसतं. ४ म्हणजे दोनाचा चौथा घात, १६. लूपच्या आधीचा भरणा १० बाइटपर्यंत चालेल, जास्त लागत असेल तर १६ चा हट्ट सोड आणि ८ वर भागव. ही दुसऱ्या पायरीची सोय फ्लॅगमध्ये २०१९ च्या जीसीसी ९ पासून आली, आणि मला ती फार आवडली; बाजारात घासाघीस करणाऱ्या माणसाने लिहिल्यासारखी आहे. पण जीसीसीच्या बॅकएंडच्या (प्रोसेसरनिहाय भागाच्या) तक्त्यात जेनेरिक प्रोसेसरपुढे हाच आकडा '१६:११:८' असा लिहिलाय. ११ चे १० कुठे झाले? मॅन्युअलमध्ये बारकाईने पाहिलं तर दुसऱ्या जागी m दिलं की भरायचे जास्तीत जास्त m वजा १ बाइट. म्हणजे ३२:७ लिहिलं तर ६ बाइटच. मी ७ धरून एक अख्खी दुपार घालवली. कापलेला तारा ह्याचा.

मग लूपचा फ्लॅग ३२ केला, सगळ्या प्रोग्रॅमला. मोजणी पूर्वपदावर आली, पण बायनरी फुगली. जो लूप दिवसातून एकदा, तोही तीन फेऱ्या फिरतो, त्याच्याही पुढे नॉप, म्हणजे काहीच न करणाऱ्या भरणा-इन्स्ट्रक्शन. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर) हे नॉप लांबलचक असतात, आणि लूपमध्ये शिरताना ते चालवावे लागतात. लूप पुष्कळ फिरला तरच ते वसूल होतं. तेव्हा फ्लॅग फक्त त्या एका फाइलला द्या. आणि माझ्यासारखं दुखणं असेल तर खरं औषध असेंबलरकडे (असेंब्लीचं मशीन कोड करणाऱ्या प्रोग्रॅमकडे) आहे: तो ज्या बाइनयुटिल्स संचात येतो त्याच्या २.३४ पासूनचा, जंप ३२ बाइटच्या हद्दीत ठेवणारा पर्याय. लूप ३२ वर नेणं म्हणजे जंप आपोआप बरी पडेल अशी आशा. हा पर्याय थेट जंपच हलवतो.

भाचीच्या एएमडी रायझनवर ह्यातल्या कशानेच फरक पडला नाही. तो दोष त्यात नाहीच. तिसरं मशीन रास्पबेरी पाय ४. त्यात आर्मचा कॉर्टेक्स-ए७२ आहे. तिथे ६४-बिट कोडमध्ये प्रत्येक इन्स्ट्रक्शन ४ बाइटची, त्यामुळे एखादी जंप ३२ च्या हद्दीवर एक पाय इकडे, एक तिकडे अशी उभी राहूच शकत नाही. ह्याचा अर्थ आर्मवाले निवांत आहेत असा नाही. बॅकएंडमध्ये आर्मच्या सर्व्हरसाठीच्या निओव्हर्स एन१ पुढे फंक्शन आणि लूप दोन्हींसाठी ३२:१६ लिहिलेलं आहे.

एक सावधगिरी. प्रोसेसर सांगणाऱ्या दोन फ्लॅगांपैकी एम-ट्यून फक्त आवडनिवड बदलतो, बायनरी कुठेही चालते. एम-आर्च स्कायलेक दिलं तर इन्स्ट्रक्शनच बदलतात. मी घाईत तेच दिलं आणि ग्रंथालयातल्या इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या कोअरवर प्रोग्रॅम 'इलिगल इन्स्ट्रक्शन' म्हणून आडवा झाला. त्यात एव्हीएक्स२ (नव्या इन्स्ट्रक्शनचा संच) नाही, हे मला माहीत होतं. ग्रंथपालबाईंचा फोन आला तेव्हा आठवलं.

असेंबलरचा तो पर्याय पायवर ओळखलाच जात नाही, बिल्ड तिथेच थांबते. म्हणून मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) आता एक्स८६ साठी वेगळी अट आहे. मुलाचा एरर मेसेजही तसाच आहे, फक्त त्यातलं 'पुर्ण' सुधारून 'पूर्ण' केलं. त्याने पत्ते हलत नाहीत, मजकूर वेगळ्या सेक्शनमध्ये जातो. तरी ऑब्जडंप काढून पाहिलाच.