मारुती ८०० चं हेड गॅसकेट बदललं, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी २००७ ची मारुती ८००, एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनवाली), सेकंडहँड घेतलेली. २०२२ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत पासिंग करून पुढची पाच वर्षं वाढवून घेतली, म्हणजे २०२७ पर्यंत कागद क्लिअर आहेत. त्यामुळे डिसेंबरात हेड गॅसकेट (इंजिनचा सिलेंडरवाला ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं पातळ सील) गेलं तेव्हा निम्म्या लोकांनी भंगारात दे म्हणून सांगितलं तरी मी इंजिन उघडायचं ठरवलं. आता ऑगस्ट संपत आलाय, मधे पूर्ण उन्हाळा आणि पाऊस गेला, तेव्हा काम टिकलं का हे आता सांगता येईल.

टिकलं. पण का टिकलं ते नीट सांगतो, कारण या कामात गॅसकेट ही स्वस्तातली वस्तू आहे आणि नुसतं तेवढंच बदललं तर काही महिन्यांत परत तेच होतं, असे लोक मी बघितलेत.

आधी लक्षणं. गाडी पाणी खात होती पण खाली एक थेंब सांडलेला दिसायचा नाही. सकाळी स्टार्ट केल्यावर अर्धा मिनिट एक सिलेंडर मिस मारायचा, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि त्याला कुलंटचा गोडसर वास, आणि पुण्याहून कराडला येताना खंबाटकी घाट चढायला लागली की तापमानाचा काटा वर सरकायचा. सगळे जण ऑइलच्या झाकणाला पांढरा मळ बघ म्हणतात, चहात दूध घातल्यासारखं ऑइल झालं का बघ म्हणतात, माझं ऑइल एकदम स्वच्छ होतं. गॅसकेट कुठे फाटलंय त्यावर ते अवलंबून असतं, ऑइलच्या वाटेपाशी फाटलं तरच ऑइलमध्ये पाणी जाणार, सिलेंडर आणि पाण्याच्या मधे फाटलं तर ऑइलला काहीच होत नाही. घरच्या घरी करायची खात्रीची टेस्ट म्हणजे गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी चालू करून मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा, इंजिन अजून गार असताना पाइप टणक झाला असेल तर आत सिलेंडरचा गॅस शिरतोय. रेडिएटरचं झाकण उघडायचं तेही गार इंजिनवरच, गरम असताना हात लावू नका.

मेस्त्रींनी कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजलं. तीन सिलेंडरपैकी एक नंबर नीट, दोन आणि तीन दोन्ही पडलेले. शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम पडले की पिस्टन रिंगपेक्षा गॅसकेटचा संशय आधी घ्यायचा, असं ते म्हणाले. हेड उतरवल्यावर ते दिसलंच. दोन आणि तीनच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅसकेट जळून नखाएवढी काळी वाट पडली होती आणि तिथून ती पाण्याच्या भोकापर्यंत गेली होती. एक आणि तीनचे पिस्टन कार्बनने काळेकुट्ट आणि दोन नंबरचा माथा घासून ठेवल्यासारखा चकचकीत, कारण रोज आत पाण्याची वाफ होऊन तो धुतला जात होता. मी फोटो काढून ठेवलाय, ज्याला शंका असेल त्याने असं एकदा बघावं.

आता मुख्य मुद्दा, इंजिन तापलं कशामुळे. आधी कुठल्यातरी गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) काढून टाकला होता, आपल्याकडे हे सर्रास करतात, "वॉल्व्ह काढून टाका, गाडी तापायची नाही" असं सांगतात. त्याने होतं काय, इंजिन गावातल्या गावात गरमच होत नाही, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून गार आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो, मायलेज पडतं, आणि रेडिएटर चोकअप झालेला असला तरी सपाट रस्त्यावर कळत नाही. माझा रेडिएटर बोअरच्या पाण्याच्या क्षाराने निम्मा बंद होता, वर्षानुवर्षं आधीच्या मालकाकडे तेच पाणी टाकलं जात होतं. घाट लागला की खरा लोड यायचा आणि तिथे तो कमी पडायचा. हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, अॅल्युमिनियम गरम झाल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे इंजिन एकदा जास्त तापलं की हेड वाकतं आणि मधलं गॅसकेट मार खातं.

म्हणून रेडिएटर नवीन, थर्मोस्टॅट नवीन, वॉटर पंप, सगळे पाइप, रेडिएटर कॅप आणि हेड उघडलंच आहे म्हणून टायमिंग बेल्ट आणि वॉल्व्ह सील. कॅपकडे कोणी बघत नाही, पण ०.९ बारच्या कॅपच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशाच्या आसपास उकळतं, कॅपची स्प्रिंग गेली की तेच १०० ला उकळणार. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे, बदलून टाका.

हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातला तर मधे ०.१० ची पाती आरामात सरकली, लिमिट ०.०५ मिलिमीटर आहे. हेड रिबोरिंगवाल्याकडे पाठवलं, तिथे आधी प्रेशर टेस्ट करून क्रॅक नाही ना ते बघून घेतलं आणि मगच फेसिंग केलं, म्हणजे हेडचा फेस घासून सपाट केला, लागेल तेवढंच. हे क्रमाने करा, आधी फेसिंगचे पैसे घालवून मग क्रॅक सापडला तर दोन्ही खर्च वाया. ब्लॉकचा फेसही पट्टीने तपासला, तो सरळ होता.

बसवताना मी शेजारीच बसून होतो. जुनं गॅसकेट ब्लॉकवरून काढताना मेस्त्रींनी ग्राइंडरची पॉलिश पेपर चकती लावू दिली नाही, पोऱ्याच्या हातातून काढून घेतली, कारण त्याची बारीक पूड ऑइलमधून बेअरिंगला जाते. बोल्टच्या भोकांत साचलेलं पाणी आणि ऑइल कॉम्प्रेसरने फुंकून काढलं, भोकात पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते, एकतर टॉर्क (आवळण्याचा जोर) खोटा येतो नाहीतर ब्लॉकलाच तडा जातो. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळायच्या पान्याने). तुमच्या मेस्त्रीकडे टॉर्क रेंच नसेल आणि "हाताला कळतं" म्हणत असेल तर हे काम तिथे करू नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय. इतर कामं हाताच्या अंदाजाने होतात, हे होत नाही.

कुलंट भरल्यावर हवा काढणं पण महत्त्वाचं, गाडीचं तोंड चढावर करून कॅप उघडी ठेवून इंजिन गार असल्यापासून चालू ठेवलं आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबलो. फॅन लागतो हेही त्यातच कळलं.

खर्च सगळा मिळून पंधरा हजाराच्या आतबाहेर गेला, त्यात रेडिएटर आणि मजुरी हेच मोठे आकडे, गॅसकेटचे काही शेकडेच. रेडिएटरमध्ये ओतायचं ते लिक्विड सीलंट टाकून बघ, पाचशेत काम होईल असं दोघातिघांनी सुचवलं होतं. वाकलेलं हेड त्याने सरळ होत नाही, वर हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात, म्हणून टाकलं नाही.

आता आठ महिन्यांचं. रिझर्व्ह टाकीतली पातळी भरल्या दिवशी जिथे होती तिथेच आहे, सकाळचं मिसिंग गेलं, धूर नाही. मे महिन्यात चिपळूणहून भर दुपारी चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन कुंभार्ली घाट चढलो, पोफळीपासून वर येताना बराचसा दुसऱ्या गिअरवर, काटा निम्म्याच्या जरा खालीच राहिला, वर हेळवाकला थांबून बॉनेट उघडलं तेव्हा फॅन चालू होता आणि पाइप सगळे कोरडे. थर्मोस्टॅट परत बसवल्यामुळे मायलेजपण सुधारलं, गावात फरक चांगला जाणवतो.

कटकट एकच झाली, मार्चमध्ये टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) कडेने ऑइल पाझरायला लागलं, तिथलं रबर गॅसकेट जुनंच बसवलं होतं, ते बदलून घेतलं. हजारेक किलोमीटरनंतर टॅपेट (वॉल्व्हची फट) परत सेट करून घेतले, तोपर्यंत गार इंजिनला थोडा टकटक आवाज होता.

ज्यांची गाडी एस्टीम आहे त्यांनी अजून एक बघा, त्यात ब्लॉकपण अॅल्युमिनियमचा आहे, हेडइतकीच काळजी ब्लॉकचा फेस साफ करताना घ्यावी लागते, खरवडताना ओरखडा पडला तर नवीन गॅसकेट तिथूनच लीक होणार. आणि कुठल्याही गाडीला प्रेशर टेस्टमध्ये क्रॅक निघाला तर वेल्डिंगच्या भानगडीत न पडता दुसरं हेड शोधा, फक्त ते सेकंडहँड हेडसुद्धा बसवायच्या आधी पट्टी लावून आणि प्रेशर टेस्ट करूनच घ्या.