झरमॅटची वाट: रेल्वे घ्यावी की भाड्याची मोटार?

स्वित्झर्लंडमधील झरमॅट या स्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी मी रेल्वेनेही गेलो आहे आणि भाड्याच्या मोटारीनेही. झ्युरिकहून निघणाऱ्या आणि आठवडाभर एकाच गावात मुक्काम करणाऱ्या प्रवाशाने मोटारीच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. जिनिव्हाहून निघणाऱ्यांसाठी आणि लहान मुले बरोबर असलेल्या कुटुंबांसाठी मात्र हा निकाल इतका एकतर्फी नाही, आणि त्याची कारणे बहुतांशी भूगोलात दडलेली आहेत.

झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना प्रवेश नाही. गावात फिरतात त्या बॅटरीवर चालणाऱ्या लहान चौकोनी गाड्या, आणि त्याही हॉटेलांच्या, टॅक्सीवाल्यांच्या किंवा गावातील कामकाजाच्या. पाहुण्यांच्या मोटारींचा रस्ता अलीकडच्या टेश या गावात संपतो. पुढचे 5 किलोमीटर बहुतेक सर्वांना शटल रेल्वेनेच जावे लागते. टेशच्या टॅक्सी झरमॅटच्या वेशीपर्यंत सोडतात, परंतु गावात त्याही शिरत नाहीत. मोटारीचा सर्वांत मोठा फायदा म्हणून जे सांगितले जाते, म्हणजे घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत सामान एकदाच चढवायचे आणि एकदाच उतरवायचे, तो फायदा येथे मुळातच मिळत नाही. दोन्ही पर्यायांची तुलना करणारे बहुतेक लोक तास आणि किलोमीटर मोजत बसतात. मला मात्र वाटते की हा प्रश्न या शेवटच्या 5 किलोमीटरमध्येच जवळजवळ सुटलेला आहे.

प्रथम रेल्वेविषयी. झ्युरिकहून फिस्प या गावापर्यंत स्विस संघीय रेल्वेची थेट गाडी आहे आणि तिला सुमारे दोन तास लागतात. बर्न सोडल्यानंतर काही वेळाने गाडी 34.6 किलोमीटर लांबीच्या लोचबर्ग पायथा-बोगद्यात शिरते आणि बाहेर पडते ती थेट रोन नदीच्या खोऱ्यात. हा बोगदा 2007 साली सुरू झाला, आणि जुना डोंगरावरचा लोहमार्ग चढून-उतरून जाण्यात जाणारा वेळ त्यामुळे वाचला. फिस्पला गाडी बदलून मॅटरहॉर्न-गॉटहार्ड रेल्वेच्या मीटरगेज गाडीत बसले की सव्वा तासाच्या आत झरमॅट येते. बदलण्याचा वेळ धरून झ्युरिक ते झरमॅट हा प्रवास साधारण सव्वातीन तासांचा होतो.

स्कीचे सामान घेऊन जाणाऱ्याच्या मनात धास्ती असते ती फिस्पच्या या अदलाबदलीची. ती निराधार नाही, पण अतिरंजित नक्कीच आहे. दोन्ही गाड्या एकाच स्थानकातून सुटतात आणि वेळापत्रक एकमेकांना जोडलेले असल्यामुळे हाती येतात ती मोजकीच मिनिटे. तेवढ्या मिनिटांत, पाठीवर पिशवी, एका हातात स्कीबुटांचे ओझे आणि दुसऱ्या हातात माणसापेक्षा उंच स्कीची पिशवी अशा अवस्थेत फलाट बदलायचा असतो. जिन्याच्या तोंडाशी गर्दी तुंबते, कारण लांब पिशवी आडवी धरणारा एक जरी माणूस पुढे असला तरी मागचे सगळे अडतात. यावर उपाय साधा आहे: फिस्प येण्याच्या पाच मिनिटे आधीच सामान दाराशी आणून ठेवावे, स्कीची पिशवी उभी धरावी आणि जिन्याऐवजी उताराचा मार्ग घ्यावा. पुढची मीटरगेज गाडी खालच्या पातळीच्या फरशीची असेल तर पायरी चढण्याचा त्रासही वाचतो. स्की हे हातातील सामान म्हणून विनाशुल्क नेता येते. ज्यांना एवढेही ओझे नको असेल त्यांनी रेल्वेच्या सामान-सेवेने बॅगा आधीच रवाना कराव्यात. मात्र त्या हाती पडायला दोन दिवस लागतात, हे लक्षात घेऊन एका दिवसाचे कपडे जवळ ठेवावेत.

फिस्प ते झरमॅट या लोहमार्गावर थोडे थांबायला हवे, कारण नुसती सोय म्हणून त्याची नोंद करून पुढे जाणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल. 1891 साली तो झरमॅटपर्यंत पोहोचला. सुमारे 35 किलोमीटरमध्ये तो जवळजवळ साडेनऊशे मीटर उंची गाठतो. जेथे चढ फार तीव्र होतो, तेथे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलेली आहे. गाडीच्या खालचे दातेरी चाक त्या पट्टीत अडकते आणि गाडी घसरण्याची भीती न बाळगता सावकाश वर चढते. चाक पट्टीत बसते तो क्षण डब्यात स्पष्ट कळतो: वेग एकदम उतरतो, पायाखाली बारीक थरथर सुरू होते आणि घरघरीचा सूर बदलतो. वाटेतल्या श्टाल्डेन या गावानंतर दरी इतकी अरुंद होते की नदी, रस्ता आणि रूळ यांना एकमेकांना चिकटून जावे लागते. मोटार चालवणाऱ्याला हे सारे दिसते, पण पाहता येत नाही. त्याचे डोळे पुढच्या वळणावर खिळलेले असतात.

भाडे स्वस्त नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र स्वित्झर्लंडमध्ये खिडकीवर जाऊन पूर्ण भाडे देणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे, आणि परदेशी प्रवासी नेमके तेच करतात. पाहुण्यांसाठी महिनाभर चालणारे अर्ध्या भाड्याचे कार्ड मिळते. ते या सर्व गाड्यांवर आणि डोंगरावरच्या बऱ्याच वाहनांवरही चालते. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये झरमॅटपर्यंतचा संपूर्ण प्रवास अंतर्भूत असतो. पण ज्याला एकदाच वर जायचे आणि आठवड्याने खाली यायचे आहे, त्याने मधल्या दिवसांचे पैसे पासमध्ये गुंतवण्यात अर्थ नाही. आगाऊ काढलेली सवलतीची तिकिटे सर्वांत स्वस्त पडतात, परंतु ती ठरावीक गाडीपुरतीच चालतात. विमान उशिरा उतरले की ती वाया जातात. म्हणून येताना लवचीक तिकीट आणि परतताना सवलतीचे, हा मला योग्य वाटलेला मेळ आहे. ग्लेशियर एक्सप्रेस या प्रसिद्ध गाडीला मात्र या हिशेबात धरू नये. सेंट मॉरिट्झ ते झरमॅट हे अंतर ती सुमारे आठ तासांत कापते आणि तिच्यात जागा आरक्षित करणे सक्तीचे आहे. खिडकीतून देखावे पाहण्यासाठी ती उत्तम असली तरी वेळेवर स्कीच्या उतारावर पोहोचणे हे तिचे काम नाही.

आता मोटार. झ्युरिकहून हिवाळ्यात टेशला जायचे तर मधल्या आल्प्सच्या रांगेचे काय करायचे, हा पहिला प्रश्न. फुर्का आणि ग्रिम्सेल या खिंडी बर्फामुळे बंद असतात. त्यामुळे बर्नच्या बाजूने कांडरश्टेगला यायचे आणि तेथे मोटार चक्क रेल्वेच्या वाघिणीवर चढवायची, हा नेहमीचा मार्ग. इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून आपण आपल्याच गाडीत बसून राहतो आणि आगगाडी 1913 साली सुरू झालेल्या जुन्या लोचबर्ग बोगद्यातून आपल्याला गॉपेनश्टाइनला नेऊन सोडते. दुसरा पर्याय रेआल्प ते ओबरवाल्ड या फुर्का बोगद्याचा. त्यातही मोटार वाघिणीवरच चढते. पुढे टेशला पुन्हा शटल आहेच. याचा अर्थ, रेल्वेचा कंटाळा म्हणून मोटार घेणाऱ्या माणसालाही एका दिवसात दोनदा रेल्वेत बसावे लागते, शिवाय दोन्ही ठिकाणी रांगेत उभे राहून. फेब्रुवारीतील शाळांच्या सुट्ट्यांत शनिवारी कांडरश्टेगला लागणारी रांग ज्याने पाहिली आहे, त्याला फिस्पचा जिना फारसा जाचक वाटणार नाही.

खर्चाची बाजू यापेक्षा महत्त्वाची आहे, कारण तेथे हिशेब हमखास चुकतो. मोटारीचे भाडे दिवसावर आकारले जाते, आणि झरमॅटच्या मुक्कामात ती चालते पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच. मधले सर्व दिवस ती टेशच्या छताखालच्या वाहनतळात उभी असते आणि तेथील शुल्कही दिवसावरच चढत जाते. गोठ्यात बांधून ठेवलेल्या बैलाला कामाशिवाय रोज वैरण घालावी, तसा हा प्रकार आहे. चौघे मिळून एका गाडीतून गेले तरच रेल्वेभाड्याच्या तुलनेत ती परवडू लागते, आणि अर्ध्या भाड्याचे कार्ड जमेस धरले तर तेव्हाही फरक फारसा उरत नाही.

बर्फातील वाहतुकीचे नियम भाड्याने गाडी घेणाऱ्याने नीट समजून घ्यावेत. महामार्गासाठी 40 फ्रँकचा वार्षिक कर-बिल्ला लागतो. तो आठवड्यापुरता मिळत नाही, आणि बिल्ल्याशिवाय पकडले गेल्यास 200 फ्रँक दंड होतो. स्वित्झर्लंडमध्ये घेतलेल्या भाड्याच्या गाडीला तो लावलेला असतो. जिनिव्हा विमानतळाला मात्र स्विस आणि फ्रेंच अशा दोन बाजू आहेत, आणि स्वस्त दिसते म्हणून फ्रेंच बाजूची गाडी घेतली तर बिल्ला आणि हिवाळी टायर या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. हिवाळी टायरांची कायदेशीर सक्ती स्वित्झर्लंडमध्ये नाही, पण साध्या टायरांमुळे अपघात झाला किंवा वाहतूक खोळंबली तर जबाबदारी चालकावर येते. टायरांवर चढवायच्या बर्फसाखळ्यांची निळी गोल पाटी दिसली की त्या लावणे बंधनकारक असते. एका कंपनीच्या खिडकीवर आम्हाला साखळ्यांचे भाडे वेगळे पडेल, असे ऐनवेळी सांगण्यात आले. तेव्हा आरक्षण करतानाच ते विचारून, लेखी घेऊन ठेवावे. जन्मभर रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवलेल्याने उजव्या बाजूचा पहिला धडा बर्फाळ घाटरस्त्यावर गिरवू नये, हे वेगळे सांगायला नको.

मोटारीच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास केला जातो: रेल्वे बंद पडली तर निदान रस्ता आपल्या हातात असतो. या दरीत तो टिकत नाही. रस्ता आणि रूळ एकाच अरुंद घळीतून, एकाच डोंगरउताराखालून जातात, त्यामुळे हिमस्खलनाचा धोका वाढला की बहुधा दोन्ही बंद होतात. जानेवारी 2018 मध्ये असेच झाले. सुमारे 13,000 पर्यटक झरमॅटमध्ये अडकून पडले आणि काहींना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. एप्रिल 2025 मधील मोठ्या हिमवृष्टीतही गावाचा संपर्क तुटला होता. त्याआधी 1991 मध्ये टेशच्या खालच्या अंगाला रान्दाजवळ डोंगराचा प्रचंड भाग कोसळला, आणि नंतर रूळ व रस्ता दोन्ही नव्याने वळवून बांधावे लागले. अशा दिवशी रेल्वेच्या प्रवाशाला निदान गाडी कोठे उभी आहे आणि तिच्यावर किती बर्फ साचला असेल, याची चिंता नसते.

असे असले तरी मोटार नाकारणे सर्वांना शक्य नाही, आणि काहींनी ती नाकारूही नये. जिनिव्हाहून येणाऱ्याला आल्प्सची रांग ओलांडावी लागत नाही. लेमन सरोवराच्या काठाने आणि रोनच्या खोऱ्याने थेट फिस्पपर्यंत येता येते. मार्ग मोकळा असेल तर मोटार रेल्वेपेक्षा तासाभराने लवकर टेशला पोहोचते. लहान मुले, बाबागाडी आणि चार जणांचे स्की असा संसार असेल तर टेशच्या वाहनतळाची व्यवस्था मला वाखाणण्यासारखी वाटली. तेथे 2,100 मोटारींची सोय आहे, सामानाच्या ढकलगाड्या मिळतात आणि त्या तशाच शटलमध्ये ढकलत नेता येतात. दिवसभर दर 20 मिनिटांनी गाडी सुटते आणि 12 मिनिटांत झरमॅटला पोहोचते. एकाच सहलीत दोन-तीन गावांत स्की करायचे असेल, तरीही मोटार उपयोगी पडते. श्टाल्डेनपासून फुटणाऱ्या दुसऱ्या दरीतले सास-फे हे त्याचे चांगले उदाहरण. तेथे रेल्वे नाही, फिस्पहून पोस्टाची पिवळी बस जाते. ते गावही मोटारमुक्त आहे, पण वाहनतळ गावाच्या वेशीवरच असल्यामुळे तेथे रस्ता आणि बस यांची लढत बरोबरीची होते.

गावात पोहोचल्यावर मात्र रेल्वेचा प्रवासी पुन्हा पुढे असतो. गोर्नरग्राटची दातेरी रेल्वे मुख्य स्थानकाच्या अगदी समोरून सुटते आणि 33 मिनिटांत 3,089 मीटर उंचीवर नेते. सुन्नेगा या स्कीच्या ठिकाणी डोंगराच्या पोटातून चढणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वेही स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. छोटा मॅटरहॉर्न या शिखराकडे जाणारी केबल कार गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. स्कीबूट घालून तेवढे चालणे त्रासाचे असते, म्हणून तेथवर गावातील विजेवर चालणारी बस घ्यावी.

परतीसाठी शनिवार टाळता आला तर जरूर टाळावा. त्या दिवशी आठवड्याचे पाहुणे एकाच वेळी बाहेर पडतात आणि नवे आत येतात; सकाळी उशिरा टेशच्या वाहनतळातून बाहेर पडायलाच वेळ लागतो आणि खालच्या दरीत गाड्यांची रांग हळूहळू सरकत असते. रेल्वेने जाणाऱ्याने हॉटेल सकाळीच सोडून सामान स्थानकाच्या कुलूपबंद कप्प्यात ठेवावे. दुपारपर्यंत वर स्की करून मग खाली यावे आणि जेवणाच्या वेळेनंतरची गाडी धरावी. तोवर डब्यांतील स्की ठेवण्याच्या जागाही रिकाम्या झालेल्या असतात.