यॅग क्रिस्टलमध्ये लेझरने लिहिलेला बीम स्प्लिटर: घ्यावा का?

आमच्या पवईच्या लॅबमध्ये १०६४ नॅनोमीटरचा बीम दोन भागांत करायला आधी क्यूब आणि आरसे होते, बाहेरून डंपर गेला की अलाइनमेंट हललीच, म्हणून शेवटी फेमटोसेकंद (अतिशय छोट्या पल्सच्या) लेझरने यॅग या कडक, पारदर्शक क्रिस्टलच्या आत लिहिलेला वन-बाय-टू, म्हणजे एक बीम आत आणि दोन बाहेर असा स्प्लिटर मागवला. मला ही वस्तू प्रचंड आवडलीये.

काचेत लेझर फोकस केला की तिथला इंडेक्स (अपवर्तनांक) वाढू शकतो आणि लाइट त्या लिहिलेल्या रेघेतूनच जातो, हे १९९६ मध्ये जपानी ग्रुपने दाखवलं. क्रिस्टलमध्ये बहुतेक वेळा उलटं होतं, रेघेवर रचना बिघडते आणि इंडेक्स कमी होतो. मग करतात काय, तर रेघांचं गोल कुंपण घालतात आणि लाइट मधल्या धक्का न लागलेल्या क्रिस्टलमधून नेतात. मायक्रोस्कोपखाली पॉलिश केलेली कड बघा, एका टोकाला बारीक काळ्या ठिपक्यांचं एक कडं, दुसऱ्या टोकाला दोन, इतकं सुबक काम की बघतच राहावं!

नुसत्या दोन समांतर रेघांवाला प्रकारही मिळतो, पण तो बऱ्याचदा एकच पोलरायझेशन (लाइटच्या कंपनाची दिशा) नीट नेतो. आमच्यात ही दिशा बदलणारी हाफ-वेव्ह प्लेट पूर्ण फिरवली तरी कॅमेऱ्यावरचे दोन्ही स्पॉट तसेच, हे बघून खरंच बरं वाटलं. पावसाळ्याचंही टेन्शन नाही, केडीपीसारखा क्रिस्टल दमट हवेत खराब होतो, यॅगला काही होत नाही.

आता तक्रार. कडांवर परावर्तन कमी करणारं कोटिंग नव्हतं, आणि सप्लायरने ते विचारल्यावरच सांगितलं. यॅगचा इंडेक्स १.८२, म्हणजे प्रत्येक कडेवर साधारण ८.५ टक्के लाइट परत फिरतो, दोन कडा मिळून सोळाच्या आसपास गेले, आणि डेटाशीटमधल्या लॉसमध्ये हे धरलेलंच नाही. एवढे पैसे घेऊन असं करणं बरोबर नाही. दुसरं म्हणजे गाईड, म्हणजे लाइट जातो ती वाट, रुंद आहे, त्यात एकापेक्षा जास्त मोड (लाइट पसरण्याचे आकार) चालतात, त्यामुळे लाइट आत सोडणारं लेन्स जरा सरकलं की ५०-५० चं गणित बिघडतं. तिन्ही दिशांना बारीक सरकवता येणारा चांगला थ्री-अॅक्सिस स्टेज नसेल तर आधी तो घ्या, मग ही चिप.

एकच मोड लागणाऱ्या कामाला मी हा सुचवणार नाही. लेझर पॉवर वाटायला मात्र बिनधास्त घ्या, फक्त ऑर्डर देताना कोटिंगचं आणि लॉस कुठल्या वेव्हलेंग्थला मोजलाय ते लेखी मागून घ्या.