सेस्ना 152 चा स्टॉल हॉर्न: सोनेगावच्या उन्हात आणि पावसात

प्रशिक्षणाच्या विमानांतल्या धोक्याच्या आवाजांमध्ये सेस्ना 152 च्या स्टॉल हॉर्नइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. पंखाची उचल तुटून विमान खाली जाऊ लागतं तो स्टॉल; तो जवळ आला की हा हॉर्न वाजतो. वायर नाही, बॅटरी नाही, स्विच नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक, तिथून निघालेली नळी आणि विंडशील्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ रीड (हवेने थरथरून वाजणारी पातळ पट्टी), एवढाच पसारा. अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन, वाढला की भोकापाशी दाब उतरतो, रीडमधून हवा खेचली जाते आणि पेटीसारखा सूर निघतो. स्टॉलच्या 5 ते 10 नॉट आधी तो सुरू होतो आणि स्टॉल जवळ येईल तसा चढत जातो.

नागपुरात याची किंमत मे महिन्यात कळते. पारा 45 अंशांवर गेला की सोनेगाव विमानतळाची डेन्सिटी अल्टिट्यूड 5000 फुटांच्या आसपास पोचते, म्हणजे हवा तेवढ्या उंचीवरच्यासारखी विरळ होते. टेकऑफला धावपट्टी जास्त लागते, चढाई मंदावते. हॉर्न मात्र वजन तेच असेल तर नेहमीच्याच इंडिकेटेड स्पीडला (वेगमापकावर दिसणाऱ्या वेगाला) वाजतो, कारण तो अँगलवर चालतो.

प्रीफ्लाइटला (उड्डाणाआधीच्या तपासणीत) भोकावर स्वच्छ रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढायची. आवाज आला तर ठीक. फुंकायचं नाही, धूळ आत जाते. आवाज आला नाही तर आधी भोकावर राहिलेली टेप पाहा; विमान धुतल्यावर किंवा रंगवल्यावर ती तशीच राहते. पावसाळ्यात कुंभारीण माशी नळीत माती भरते. तारेने टोचलं की तो गोळा आणखी आत सरकतो. एएमईकडून (विमान देखभाल अभियंत्याकडून) नळी हॉर्नपासून सोडवून साफ करून घ्या. आवाज घोगरा किंवा क्षीण असेल तर रीडला तडा गेलेला असतो किंवा कडक झालेली नळी जोडापाशी हवा सोडत असते. ज्या पट्टीत हे भोक असतं तिची जागाही महत्त्वाची: वर सरकली तर हॉर्न लवकर वाजतो, खाली गेली तर उशिरा, आणि उशीर जास्त धोक्याचा. ती बसवल्यावर हवेत चाचणी हवीच.

पायपरच्या बऱ्याच विमानांत विजेवरचा हॉर्न आणि पंखावर छोटी पट्टी असते. बोटाने उचलली की हॉर्न वाजतो, तपासायला सोपं. पण मास्टर स्विच (विमानाच्या विजेचा मुख्य स्विच) चालू लागतो आणि बॅटरी गेली की सगळं मुकं.

152 मध्ये या आवाजाचा अर्थ एकच, हा आणखी एक गुण. 14 ऑगस्ट 2005 ला हेलिओस या सायप्रसच्या विमान कंपनीच्या बोइंग 737 मध्ये केबिनचा दाब उतरल्याचा हॉर्न वैमानिकांनी टेकऑफ कॉन्फिगरेशनचा (विमान टेकऑफसाठी नीट तयार नसल्याचा) समजला, कारण दोन्हींचा आवाज एकच होता. 121 जण गेले.

उणीव एकच, पण खरी. रीडचा आवाज इंटरकॉममध्ये येत नाही, आणि चांगला हेडसेट तो बराच दाबतो. नवा हेडसेट घेतला की प्रशिक्षकासोबत सुरक्षित उंचीवर स्लो फ्लाइट (स्टॉलच्या जवळच्या कमी वेगाने उड्डाण) करून हॉर्न नीट ऐकू येतो का, ते पाहून घ्या.