संजय गांधी निराधार अनुदान योजना : पैसे मिळतात, पण काम केले की अडचण

१९८० पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना ही आजही महाराष्ट्रातल्या गावोगावच्या दिव्यांगांच्या हाती दरमहा पैसा येण्याची मुख्य वाट आहे. माझ्या मामेभावाचा अर्ज भरण्यापासून त्याच्या खात्यात अनुदान जमा होऊ लागेपर्यंत मी त्याच्यासोबत होतो, आणि त्या आधारावर या सेवेविषयी लिहीत आहे. माझे मत असे की, पैसे देण्याच्या बाबतीत योजना गेल्या काही वर्षांत खरोखर सुधारली आहे. मात्र दिव्यांग माणसाने कमावते व्हावे म्हणून सरकार इतरत्र जे प्रयत्न करते, त्यांच्या आड याच योजनेची उत्पन्नमर्यादा येते.

आधी चांगली बाजू. २०२३ मध्ये अनुदान १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झाले आणि २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० रुपये करण्यात आले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ नुसार दिव्यांगांना मिळणारे सामाजिक सुरक्षेचे साहाय्य इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे लागते. ही वाढ त्या तरतुदीला धरून आहे आणि तिचे मनापासून स्वागत केले पाहिजे. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा केवळ ३०० रुपये असून त्यासाठी ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब अशा अटी आहेत. त्या तुलनेत ४० टक्के दिव्यांगत्व ग्राह्य धरणारी राज्याची योजना कितीतरी अधिक माणसांपर्यंत पोहोचते.

अर्जाची सुरुवात यूडीआयडी कार्डापासून, म्हणजे दिव्यांगत्वाच्या विशिष्ट ओळखपत्रापासून करावी. त्याची नोंदणी स्वावलंबन पोर्टलवर होते आणि तपासणी शासकीय रुग्णालयात होते. आमच्या बाबतीत तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी घाई केली नाही. उजव्या हाताची बोटे किती उघडतात, कप कसा धरता येतो, हे त्यांनी प्रत्यक्ष करून पाहायला लावले. खरा वेळ पुढे गेला. रहिवासाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते ही जुळवाजुळव झाल्यावर अर्ज तहसील कार्यालयाच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत जातो, आणि तालुका समितीची बैठक होऊन मंजुरी मिळेपर्यंत अर्जदाराला नुसती वाट पाहावी लागते. अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हे आम्हाला प्रत्येक वेळी खिडकीपाशी जाऊनच विचारावे लागले, आणि ती खिडकी चार पायऱ्या चढून होती. ज्या शाखेत रोज दिव्यांग माणसे येणार हे ठाऊक आहे, ती तळमजल्यावर उताराच्या वाटेने गाठता येईल अशी का नसावी, हे मला कोणी समजावून सांगू शकले नाही.

मंजुरीनंतर अनुदान थेट खात्यात जमा होते, ही मोठी सोय आहे. मात्र गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीकडे, पैसे काढताना अंगठा लावावा लागतो, आणि मामेभावाच्या उजव्या हाताची वळलेली बोटे यंत्राच्या काचेवर सपाट बसत नाहीत. तो डाव्या हाताच्या बोटांवर काम भागवतो. पण ज्यांचे दोन्ही हात साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय प्रत्येक बँक मित्राकडे सक्तीची असली पाहिजे. वर्षाला द्यावा लागणारा हयातीचा दाखलाही अशा लाभार्थ्याच्या घरी जाऊन घेतला जावा.

आता मुख्य मुद्दा. दिव्यांगांसाठी या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला सुमारे ४,१६७ रुपये. तालुक्याच्या गावी दुकानात हिशेब लिहिण्याचे साधे काम धरले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मामेभावाला असेच ६,००० रुपयांचे काम चालून आले, तेव्हा घरात आनंदाऐवजी चिंता पसरली. कारण २,५०० रुपये गेले तर हातात खरी भर पडते ३,५०० रुपयांची, आणि त्यातून रोजचे रिक्षाभाडे वजा जाते, कारण गर्दीच्या एसटीत त्याला चढता येत नाही. काम उद्या सुटले तर अनुदानासाठी पुन्हा पहिल्यापासून अर्ज करण्याची वेळ येणार, ही भीती वेगळीच. अशा परिस्थितीत पगार कागदावर दाखवू नका अशी विनंती माणूस मालकाला करतो, आणि त्यामुळे भविष्य निर्वाह निधी व राज्य कामगार विमा या दोन्ही संरक्षणांना मुकतो. वास्तविक राज्य कामगार विम्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी वेतनमर्यादा २५,००० रुपयांपर्यंत वाढवलेली आहे; त्या सवलतीचा लाभ घेण्याच्या वाटेवर पहिला अडथळा आपलेच राज्य उभे करते.

दुसरीकडे, हेच सरकार शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव ठेवते, दिव्यांग वित्त व विकास महामंडळामार्फत स्वयंरोजगारासाठी कर्ज देते आणि फिरत्या दुकानासाठी विजेवर चालणारी वाहनेही वाटते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. या विभागाने अनुदान आणि रोजगार यांची सांगड घालण्याचे काम आता हाती घ्यावे. उत्पन्न वाढेल तसे अनुदान टप्प्याटप्प्याने कमी व्हावे, नोकरी लागल्यावर किमान दोन वर्षे लाभार्थ्याचे नाव यादीत राहावे आणि काम सुटल्यास नव्या अर्जाशिवाय अनुदान सुरू व्हावे, एवढ्या तीन बदलांनी पुष्कळ फरक पडेल.

पात्र असलेल्यांनी अर्ज अवश्य करावा. रक्कम आता औषधपाण्याला आधार देण्याइतकी निश्चितच आहे. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी, नामंजुरी झाल्यास कारण लेखी मागावे, आणि कामाची संधी आलेली असल्यास ती नाकारण्यापूर्वी संगायो शाखेत आपल्या कुटुंबाचे उत्पन्न नेमके कसे मोजले जाणार आहे हे स्पष्ट विचारून घ्यावे.